विकत घेतलेली विश्रांति

विश्रांति ह्या शब्दाच्या पोटांतच श्रम आहे. ज्यानें श्रम केले नाहींत त्याला विश्रांति घेतां येत नाहीं. त्याच्या वांट्याला फार तर आळस किंवा कंटाळा येतो. ही व्युत्पत्ति सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तींतून निघणारा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. जो श्रमतो तो आणि जो विसावतो तो, हीं दोन माणसें निराळीं असलीं तर काय? माझ्या विसाव्यासाठीं दुसऱ्यानें राबावें, आणि त्या राबण्याचें मोल मीं रोख चुकतें करावें, एवढ्यानें आमचा दोघांचा हिशेब पुरा होतो काय? प्रश्न जुनाच आहे. पण अलीकडे तो आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गापुढें एका नव्या वेषांत उभा राहिला आहे, आणि तो त्या वेषांतच न्याहाळणें बरें.

हा वेष म्हणजे क्रूझ. ज्यांचीं मुलें किंवा भावंडें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, अशा घरांतून नायगारा आणि न्यूयॉर्क आतां पाहून झालें आहे. पुढच्या भेटींत सर्व कुटुंबानें मिळून कॅरिबियन समुद्रांत आठवडाभर निवांत हिंडून यावें, असा बेत ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या घरींहि सध्यां असाच एक बेत चालू आहे. ह्या सफरींचें स्वरूप बहुधा ठराविक असतें. फ्लॉरिडांतील मायामीसारख्या बंदरांतून दुपारीं उशिरां निघावयाचें. बहामा, मेक्सिकोचें कोझुमेल, जमेका, व्हर्जिन बेटें ह्यांपैकीं तीन-चार ठिकाणीं एकेक दिवस थांबावयाचें. मधले दोन-तीन दिवस केवळ पाण्यावर काढावयाचे, आणि सात रात्रींनंतर सकाळीं पुन्हां त्याच धक्क्यावर उतरावयाचें. जहाज कसलें, तें एक नगरच असतें. २०२४ च्या जानेवारींत मायामीहून प्रवासास लागलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' ह्या जहाजाला वीस मजले असून त्यावर जास्तींत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी सामावतात. म्हणजे साधारण दर तीन प्रवाशांमागें राबणारा एक माणूस पडतो. हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील विवेचनांत त्याचें काम पडेल.

अशा सफरीवर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, निवांतपणाचा बेत करणें हेंच मुळीं निवांतपणाशीं विसंगत आहे. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जूनच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत त्या समुद्रांत वादळांचा हंगाम मानतात. तो टाळावा तर मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्या हातच्या जातात. जहाज निघून पुन्हां अमेरिकेंतच परतणार, म्हणून आपलें पारपत्र असलेल्यांना एकाहून अधिक वेळां प्रवेश देणारा व्हिसा लागतो. वृद्धांना हेलकाव्यांचा त्रास होऊं नये म्हणून जहाजाच्या मध्यभागीं आणि खालच्या मजल्यावर खोली पाहिजे. मुलांना मात्र सज्जाची खोली हवी असते. कोणाला लसूण चालत नाहीं, कोणाला साखर. आमच्या घरीं हा सर्व व्याप माझ्या धाकट्या भावजयीनें आपल्या अंगावर घेतला आहे, आणि तिनें तयार केलेला तक्ता पाहून एखाद्या विद्यापीठाच्या परीक्षाविभागालाहि हेवा वाटावा. पण थोडा विचार केला तर दिसून येईल कीं, दोष बेत करण्यांत नाहीं. कोणीतरी बेत केल्यावांचून आठ माणसें एका वेळीं एका ठिकाणीं निवांत बसूंच शकत नाहींत. दोष असतो तो बेतानें दिवसांच्या आंत शिरण्यांत. जहाजावर रोज तासातासाचा कार्यक्रम जाहीर होतो, बंदरोबंदरींच्या सहली आगाऊ विकल्या जातात, आणि भरलेल्या पैशांचें चीज व्हावें म्हणून माणूस एका करमणुकीकडून दुसरीकडे धांवूं लागतो. मग घरच्या धांवपळीला कामाचें निमित्त तरी होतें, एवढेंच म्हणावयाचें उरतें.

अ‍ॅरिस्टॉटलनें करमणूक आणि निवांतपणा ह्यांत एक महत्त्वाचा भेद केला आहे. करमणूक ही श्रमाची परिचारिका होय. ती थकलेल्या माणसाला ताजेंतवानें करते तें पुन्हां कामाला जुंपण्यासाठींच. निवांतपणा मात्र कशाचेंहि साधन नाहीं. उलट, बाकीचीं कामें आपण त्याच्यासाठीं करतों. निवांतपणा ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासूनच युरोपीय भाषांतील शाळावाचक शब्द निघाले. ह्या दृष्टीनें पाहतां चांगला बेत तो, जो घरापासून धक्क्यापर्यंत काटेकोर असतो आणि धक्का सुटल्यावर बोलावयाचा थांबतो. आठांतला एक दिवस तरी असा असावा कीं, त्या दिवसाच्या रकान्यांत कांहींहि लिहिलेलें नाहीं.

पण अ‍ॅरिस्टॉटलचें नांव घेतलें कीं दुसरा, अधिक जड आक्षेप आपोआप पुढें येतो. त्याच्या नगरांतील नागरिकांना निवांतपणा मिळत होता तो गुलामांच्या बळावर, आणि हें त्यानें लपविलेंहि नाहीं. माग आपोआप विणूं लागले तर धन्याला दासांची गरज उरणार नाहीं, असें तोच म्हणून गेला. माग पुढें आपोआप विणूं लागले. परंतु पलंगावरची चादर अजून आपोआप बदलत नाहीं. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें २००६ सालीं सागरी श्रमाविषयीं एक करार मंजूर केला व तो २०१३ च्या ऑगस्टपासून अंमलांत आला. जहाजावर कोणत्याहि नात्यानें काम करणारा माणूस, मग तो यंत्रावरचा असो वा वाढपी असो, ह्या कराराच्या दृष्टीनें खलाशीच होय. त्याला कोणत्याहि २४ तासांत किमान १० तास आणि कोणत्याहि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांति मिळाली पाहिजे, असें एक माप तेथें घालून दिलें आहे. दुसरें माप कामाच्या तासांचें आहे. तें २४ तासांत १४ व ७ दिवसांत ७२ ह्यांच्या पुढें जाऊं नये. ह्यांपैकीं कोणतें माप लावावयाचें तें प्रत्येक देशानें ठरवावयाचें. सात दिवसांचे तास १६८. पहिलें माप लावलें तर कायदा न मोडतां आठवड्याला ९१ तास काम घेतां येतें. ज्या सात दिवसांत प्रवासी घड्याळ काढून ठेवतो, त्याच सात दिवसांत त्याच्या खोलीची निगा ठेवणाऱ्याच्या विश्रांतीचा तास न्‌ तास कागदावर मोजला जात असतो.

हा निगा ठेवणारा माणूस बहुधा फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा किंवा भारताचा असतो. आणि भारताचा असला तर तो गोव्याचा, मुंबईचा वा कोंकणांतला असण्याचा संभव बराच असतो. गोव्यांत जहाजावर जाणाऱ्या माणसाला तारवटी म्हणतात, आणि तारवट्यांच्या पैशांवर तेथें घरें बांधलीं गेलीं, मुलींचीं लग्नें झालीं, देवळांना आणि चर्चांना देणग्या मिळाल्या. मुंबईंत धोबीतलाव, माझगांव ह्या भागांत गोव्याच्या गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या गांवाच्या नांवानें कूड स्थापिले होते. तेथें एका ट्रंकेच्या जागेवर मुक्काम करून हीं माणसें पुढच्या जहाजाची वाट पाहत. तेव्हां मायामीहून निघालेल्या जहाजावर सकाळचा चहा आणून देणारा तरुण आपल्याशीं एकाएकीं मराठींत बोलूं लागला, तर त्यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. सहा ते नऊ महिन्यांच्या करारानें तो तेथें आलेला असतो, आणि त्या मुदतींत त्याला रविवार नसतो.

विश्रांतीचा खरा अर्थ काय, हें ह्या लोकांच्या एका अनुभवावरून फार स्पष्ट होतें. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें ह्या सफरी बंद पडल्या. प्रवासी आपापल्या घरीं पोंचते झाले. पण हजारों कर्मचारी आठवडेच्या आठवडे, कित्येक तर महिनोगणती, जहाजांवर अडकून पडले, कारण त्यांना उतरवून घेण्यास बंदरें राजी नव्हतीं. कांहीं जहाजांवर त्यांना प्रवाशांच्या रिकाम्या खोल्या राहावयास दिल्या गेल्या. समुद्र तोच होता, सज्जा तोच होता, पलंग तोच होता, आणि काम तर फारसें नव्हतेंच. परंतु ह्या स्थितीला कोणीहि विश्रांति म्हटलें नाहीं; सर्वांनीं तिला कैदच म्हटलें. तेव्हां श्रमाचा अभाव म्हणजे विश्रांति नव्हे. आपण येथें स्वेच्छेनें आलों आहों, वाटेल तेव्हां जाऊं शकतों आणि घरीं आपली कोणी वाट पाहत आहे, ह्या तीन गोष्टींची खात्री असेल तरच रिकामा वेळ विश्रांति होतो. जें विकत मिळतें तें म्हणजे सज्जा आणि पलंग. ह्या तीन गोष्टी कोणत्याहि तिकिटांत समाविष्ट नसतात.

तिसरा आक्षेप स्थळाविषयींचा आहे. मराठी वाचकाला वाटेल कीं, त्या दूरच्या समुद्राशीं आपला काय संबंध? संबंध आहे. ज्या निळ्या पाण्यावर आज विसाव्याचीं जहाजें फिरतात, त्याच पाण्यावरून आफ्रिकेंतून पकडून आणलेलीं माणसें साखरेच्या मळ्यांकडे नेलीं गेलीं. १८३४ सालीं ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें संपली, १८३८ सालीं तिचें उरलेंसुरलें रूपहि गेलें, आणि मळेवाल्यांना मजूर हवे होते म्हणून हिंदुस्थानांतून करारबद्ध माणसें नेण्यास सुरुवात झाली. त्रिनिदादला असें पहिलें जहाज १८४५ च्या ३० मे रोजीं लागलें. कलकत्त्याहून तेथें पोंचावयास त्याला शंभराहून अधिक दिवस लागले होते. करार पुढें पांच वर्षांचा असे, आणि तो मोडल्यास शिक्षा होई. ह्या पद्धतीविरुद्ध १९१२ च्या मार्चांत वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं. ठराव फेटाळला गेला, पण त्यांनीं उचललेला मुद्दा अजून जिवंत आहे. करारांतील शिक्षेचीं कलमें मजुराला नीट समजावून दिलेलीं नसतां त्याचा अंगठा घेतला, एवढ्यावरून त्याची संमति मिळाली असें कसें म्हणतां येईल? आजचा तारवटी हा त्या काळचा मजूर नव्हे. तो शिकलेला आहे, शोधीत आलेला आहे आणि नोकरी सोडूं शकतो. दोघांना एका तागडींत घालणें अन्यायाचें होईल. तथापि 'त्यानें सही केली आहे' एवढें म्हणून कोणत्याहि श्रमाविषयींचा विचार थांबवूं नये, ही गोखल्यांची शिकवण दोन्हीं ठिकाणीं सारखीच लागू आहे.

ह्याच प्रदेशांतील आणखी एक प्रसंग ह्या प्रश्नाची धार दाखवितो. २०१० च्या १२ जानेवारीस हैतींत भयंकर भूकंप होऊन लाखाच्या वर माणसें दगावलीं. त्याच देशाच्या उत्तर किनाऱ्यावर लाबादी नांवाचा एक भूभाग आहे; तो कुंपण घालून जहाजांच्या प्रवाशांसाठीं राखलेला होता. भूकंपानंतर तिसऱ्याच दिवशीं तेथें ठरल्याप्रमाणें एक विलासी जहाज येऊन लागलें. जगभर गवगवा झाला. प्रेतें अजून ढिगाऱ्याखालीं आहेत आणि हे वाळूवर ऊन खात पडले आहेत, असें लोक म्हणाले. आणि कित्येक प्रवाशांना तें इतकें बोंचलें कीं, ते जहाजावरून उतरलेच नाहींत. परंतु त्याच जहाजांतून तांदूळ, कडधान्य, दुधाची भुकटी आणि पाणी उतरविलें गेलें. आणि त्या किनाऱ्यावर पोट भरणाऱ्या हैतीच्या माणसांची त्या दिवसाची मजुरी जहाज आल्यामुळेंच त्यांच्या हातीं पडली. जो उतरला नाहीं त्याचें मन कोमल होतें; पण त्याच्या न उतरण्यानें हैतींतील कोणाच्या पानांत एक घांस अधिक पडला नाहीं. जो उतरला आणि ज्याला कांहींच वाटलें नाहीं, त्याच्यामुळें कदाचित् दोन पैसे कोणाला मिळाले. पण त्याचें मन आपण आपल्या मुलांना दाखवूं इच्छिणार नाहीं. नीति ह्या दोघांच्या मध्यें कोठेंतरी आहे, आणि ती शोधावी लागते.

म्हणूनच ह्या प्रश्नाचीं दोन सोपीं उत्तरें मला पटत नाहींत. एक उत्तर विरक्ताचें. तो म्हणतो, ज्यांत दुसऱ्याचा घाम आहे तें सुखच नको. पण हा न्याय लावावयाचा तर घरचा भाजीवाला, केर काढणारी बाई, गिरणींतला कापड विणणारा, सर्वांनाच सोडावें लागेल. आणि सावंतवाडीकडच्या ज्या घरीं दरमहा जहाजावरून पैसे येतात, त्या घराला ह्या वैराग्याचा लाभ कोणता? दुसरें उत्तर गिऱ्हाइकाचें. तो म्हणतो, मीं पैसे मोजले, आतां माझा संबंध संपला. वस्तुतः पैशानें काम विकत मिळतें. कामाच्या मागचा माणूस तिकिटाबरोबर विकत येत नाहीं. संबंध संपत नाहीं, तो तेथून सुरू होतो. ह्याची कसोटी अगदीं लहान गोष्टींत लागते. बहुतेक जहाजांवर सेवकांसाठीं दर माणशीं दररोज ठराविक बक्षिसी प्रवाशाच्या बिलांत लावलेली असते, आणि ती अर्ज करून कमी करवून घेतां येते. हजारों रुपये सहलींवर उधळून शेवटच्या दिवशीं ही रक्कम छाटावयास खिडकीपुढें उभे राहणारे सज्जन असतात. बक्षिसी ह्या नांवानेंच त्यांना फसविलेलें असतें. त्यांना वाटतें हें आपलें औदार्य आहे, आणि औदार्य कमीजास्त करण्यास आपण मुखत्यार आहों.

विश्रांति ही कोणाच्या औदार्याची बाब नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्यें, आणि ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या सात-आठ वर्षांच्या खटपटीनें मिळाली. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानें विसावा, फुरसत, कामाच्या तासांना मर्यादा आणि पगारी सुटी हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचें २४ व्या कलमांत नमूद केलें. कलम प्रत्येक माणसाविषयीं बोलतें. आपण मात्र तें वाचतांना गिरणी, कचेरी आणि जहाज एवढ्यांचाच विचार करतों. घर त्यांतून सहज निसटतें.

येथें मला ह्या बेताच्या खऱ्या मर्मावर यावयाचें आहे. माझ्या आईला अठ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. जहाजावर स्वयंपाक करावयाचा नाहीं, पानें घ्यावयाचीं नाहींत, अंथरुणें घालावयाचीं नाहींत, असें तिला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग मी तिथं आठ दिवस करूं काय?" हा प्रश्न विनोदाचा नाहीं. आपल्याकडच्या कौटुंबिक सहली आठवून पाहाव्या. महाबळेश्वर असो कीं दापोली असो, पुरुषांना आणि मुलांना सुटी मिळे. बायकांचें स्वयंपाकघर तेवढें गांव बदली. स्टोव्ह बरोबर असे, डबे बरोबर असत, आणि हवा पालटलेल्या ठिकाणींहि पहिल्या चहासाठीं सर्वांच्या आधीं उठणारें माणूस तेंच असे. जहाजावरच्या तारवट्याला आठवड्यांत ७७ तास विश्रांति मिळाली कीं नाहीं, हें पाहणारा एक कायदा आहे, एक वही आहे, एक अधिकारी आहे. घरांत पन्नास-पंचावन्न वर्षें कोणतीहि वही ठेवली गेली नाहीं. मोल देऊन घेतलेल्या श्रमाला मर्यादा पडली. प्रेमानें दिलेल्या श्रमाला ती पडलीच नाहीं, कारण प्रेमाला माप लावणें आपल्याला कमीपणाचें वाटतें. परिणाम असा होतो कीं, ज्या माणसाला विसाव्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच विसावा म्हणजे काय हें ठाऊक नसतें, आणि तो पुढें ठेवला तर भय वाटतें.

ह्या दृष्टीनें जहाजाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे कीं, तेथें स्वयंपाकघराचें दार घरच्या बाईला बंद असतें. तिच्या वांट्याचें काम दुसरा करतो. त्याला पगार आहे, मुदत आहे आणि कायद्याचें थोडेंबहुत छत्र आहे. श्रम नाहींसा होत नाहीं, पण जो कधींच मोजला जात नव्हता तो एवढे आठ दिवस तरी मोजणाऱ्यांच्या खात्यावर जातो. हा लाभ लहान नाहीं. मात्र त्यावर संतुष्ट राहणें धोक्याचें आहे. नवव्या दिवशीं घरीं परतल्यावर तीच बाई त्याच ओट्यापुढें उभी राहिली, आणि बाकीचीं माणसें थकलीं म्हणून आडवीं झालीं, तर तिला मिळालेली ती विश्रांति नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेंत ती नुसती करमणूक, म्हणजे पुन्हां जुंपण्याची पूर्वतयारी. कॅरिबियन सफरीची नैतिक परीक्षा कॅरिबियन समुद्रांत होत नसते. ती नवव्या दिवसाच्या सकाळीं, पहिला चहा कोण करतें ह्यावर होते.

तेव्हां अशा सफरीस जावें कीं न जावें? ज्याला परवडतें त्यानें अवश्य जावें. पण निघण्यापूर्वीं बेताच्या तक्त्यांत आणखी तीन-चार रकाने घालावे. ज्या बेटांवर उतरावयाचें त्यांचा इतिहास मुलांना आधीं थोडा तरी वाचून दाखवावा, म्हणजे तीं बेटें त्यांना केवळ वाळू वाटणार नाहींत. खोलीच्या निगेला येणाऱ्या माणसाचें नांव, गांव आणि घरीं परत जाण्याचा महिना विचारून ठेवावा. चौकशी म्हणून नव्हे, तर ओळख म्हणून. त्याची बक्षिसी ही त्याची मजुरी समजून तींतील एक पैसाहि कापूं नये, आणि रात्रीं बारा वाजतां केवळ मागतां येतें म्हणून कांहीं मागवूं नये. आणि शेवटचा रकाना घराचा असावा. परतल्यानंतर घरांतील कोणत्या माणसाचे कोणते तास त्याचे स्वतःचे राहतील, हें जहाजाच्या तिकिटाइतक्याच काळजीनें आणि तिकिटाच्या आधींच ठरवावें.

विश्रांति विकत घेतां येते. तिच्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु विकत घेतलेली वस्तु आपल्याजवळ किती दिवस टिकते, हें ती घेणाऱ्याच्या घरावर अवलंबून असतें. ज्या घरांत विसावा वांटून घेतला जातो, त्या घराला समुद्र हा एक आनंदाचा अधिक उणा प्रसंग आहे. ज्या घरांत तो वांटला जात नाहीं, त्या घरानें सातहि समुद्र पालथे घातले, तरी त्यांतलें एक माणूस तेथेंहि कामावरच असतें.